देव उजव्या हाताला

माघ संपत आला की माझ्या गच्चीवर निंबाची पानं यायला लागतात. निंब माझा नाही, शेजाऱ्यांचा आहे, पण कचरा सगळा माझ्याकडे. सकाळी झाडून खाली यावं तर दुपारपर्यंत गच्ची पुन्हा पिवळी. त्याच दिवसांत कधीतरी तो वासही येतो. गावाबाहेर वनखात्याच्या रानात वाळलं गवत पेटवतात, त्याचा कडवट, घशात बसणारा वास. करमाळ्यात तो सगळ्यांनाच येतो. कुणी खिडकी लावून घेतं, कुणी नाकाला पदर लावतं आणि कामाला लागतं. मी मात्र हातातला झाडू तसाच धरून कठड्याशी उभी राहते. आज सकाळीही तशीच उभी होते. खाली गॅसवर दूध उतू गेलं, तेव्हा भानावर आले.

तीन वर्षं झाली. त्या वर्षीची पानगळ अजून माझ्यातून गेलेली नाही.

आमच्या गावाला फिरायला जागा म्हणाल तर एकच. जुन्या जकात नाक्याच्या मागून एक मुरमाड पायवाट निघते आणि वनखात्याच्या रानात शिरते. पाझर तलावाचा बांध, मग टेकाडाचा चढ, चढावर वनखात्याचा मनोरा, पलीकडे उतार, उतारावर पळसांची रांग, शेवटी बोरीबाभळींतून वळून पुन्हा नाक्यावर. सव्वा तासाचा गोल फेरा. रान म्हणजे पुस्तकातलं हिरवंगार नव्हे. हिवर, बाभळी, सीताफळीची झुडपं, कुठं वनखात्यानं लावलेली सुबाभूळ, आणि बाकी कंबरेएवढं गवत. त्या गवताची कुसळं साडीत अशी घुसतात की घरी येऊन अर्धा तास ओट्यावर बसून उपटावी लागतात. डॉक्टर म्हणाले होते, "फार चढ नको, अगदी सपाटही नको, मध्यम चालणं ठेवा." करमाळ्यात मध्यम म्हणजे हेच.

साखर मला झाली, तशी अण्णालाही. आमच्या घराण्यात इस्टेट म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली एवढीच. अण्णा माझा थोरला भाऊ, मार्केट यार्डात त्याचं आडतीचं दुकान. मी सोलापूरला गणिताची बाई, शुक्रवार पेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत उभं आयुष्य काढलेली. लग्न केलं नाही, का ते मी कुणाला सांगत बसले नाही. निवृत्त झाले आणि करमाळ्याला परत आले. जुन्या मैत्रिणी म्हणाल्या, "भावाशी बोलत नाहीस आणि भावाच्याच गावात घर बांधतेस?" मी हसले. लांब राहून अबोला धरण्यात कसली मजा? रोज त्याच्या डोळ्यांसमोर राहायचं आणि तोंड फिरवायचं, तर त्याला काही अर्थ. असा माझा स्वभाव. आई म्हणायची, "हिच्या नाकावर माशी बसत न्हाय, बसली तर मरूनच उठती."

तर आई गेली त्याची गोष्ट. वैशाखातल्या एका सकाळी आठ वाजता दुकानातल्या माणसाचा फोन आला, आई पहाटे गेली म्हणून. मी नऊची एस.टी. धरली. कुर्डुवाडीच्या अलीकडे गाडी बंद पडली. ड्रायव्हर बॉनेट उघडून उभा, कंडक्टर बाभळीच्या सावलीला बसलेला, आणि मी रस्त्यावर येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येक वाहनाला हात करत होते. माझ्या मोबाईलची बॅटरी केव्हाच संपली होती. करमाळ्यात पोचले तेव्हा साडेचार झाले होते. घराच्या दारात पाण्याची घंगाळी पालथी पडलेली, बायका केस धुऊन बसलेल्या, आणि अण्णा ओल्या धोतरात भिंतीला टेकून बसला होता. सगळं उरकलं होतं. लेक यायच्या आधी आईला उचललं होतं.

आमच्याकडे लेकीसाठी थांबतात. कसंही करून थांबतात. लेकीनं तोंड बघितल्याशिवाय आईला उचलत नाहीत, हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं, त्यालाही नव्हतं. मी उंबऱ्यातूनच म्हणाले, "थांबला नाहीस." त्यानं नुसतं वर बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली. मी चहाही न घेता शेवटच्या गाडीनं परत गेले. दहाव्याला आले नाही, तेराव्यालाही नाही. बारा वर्षं त्या एका वाक्यापुढं आम्ही दोघंही गेलो नाही.

आणि मग हा फेरा.

रानाच्या मधोमध, टेकाडाच्या पोटाशी, शेंदूर लावलेला एक म्हसोबा आहे. देऊळ नाही, छप्पर नाही, नुसता धोंडा आणि त्याच्यापुढं जळून गेलेल्या उदबत्त्यांच्या काड्या. पण त्याच्यामुळं या वाटेला आपोआप प्रदक्षिणा झाली. फिरायला जाणारी सगळी माणसं देव उजव्या हाताला ठेवून चालतात. मोबाईलवर भजन लावून जाणारे जातात, तसे राजकारणावर तावातावानं बोलत जाणारेही जातात, पण उलटं कुणी फिरत नाही. मी देवधर्म फारसा करत नाही. तरी मीही उजवाच फेरा घेते. उलटं चालायचं असं मनातसुद्धा येत नाही.

अण्णा सव्वासहाला नाक्यावरून निघायचा. हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. मी साडेसहाला निघायला लागले. तो पुढं, मी मागं, मध्ये पाव तासाचं अंतर. शाळेत असताना मी पोरांना गणित घालायची : वर्तुळाकार मैदानावर दोन माणसं एकाच वेगानं, एकाच दिशेनं चालू लागली, दोघांत अमुक अंतर आहे, तर ती किती वेळानं भेटतील? पोरं निमूटपणे आकडेमोड करत बसायची. एखादं धीट पोर उठून म्हणायचं, "बाई, ती भेटणारच न्हाईत की." बरोबर. भेटणारच नाहीत. या उत्तराला मी किती वर्षं पूर्ण गुण दिले असतील.

दिसायचा नाही तो, पण असायचा. वाटेवरच्या फुफाट्यात त्याच्या चपलांचे ठसे असायचे. अण्णा आयुष्यभर टायरच्या चपला घालत आला. घरात पैसा आला, दुकानापुढं मोटार आली, तरी पायात टायरच. त्या तळव्यांची नक्षी मी डोळे मिटून काढून दाखवीन. चढावर त्यानं कुठं श्वास घ्यायला थांबावं, कुठं काठी टेकावी, कुठल्या बोरीखाली वाकून दोन बोरं उचलावीत आणि बिया थुंकाव्यात, हे सगळं मला मागून वाचायला मिळायचं. साखर असलेल्या माणसानं बोरं खाऊ नयेत. हे सांगायला कुणी नव्हतं असं नाही, वहिनी होती. पण मी जातायेता त्या बिया चपलेनं बाजूला सारायची आणि माझा जीव चिडचिडायचा.

उलटं फिरणारा माणूस या रानात एकच, किसन. वनखात्याचा वनमजूर, पन्नाशीचा, खांद्यावर टॉवेल, हातात कोयता. रोज तो समोरून यायचा, म्हणजे आधी त्याला अण्णा भेटायचा आणि मग मी. एकदा मी विचारलं, "तू देवाला डावा का घालतोस रे?"

"आमाला चालतंय बाई," तो म्हणाला. "राखण करायची तर माणूस सामोरं दिसाय पायजे. मागनं चालून कुणाचं त्वांड दिसतंय व्हय?"

मग तो थांबून तंबाखू मळायचा आणि न विचारता बातम्या द्यायचा. "अण्णा आत्ताच गेलं की म्होरं. जरा पाय उचला, मनोऱ्यापाशी गाठताल." कधी म्हणायचा, "आज अण्णानं सोताला सोडून सगळ्यांच्या तब्येतीची चवकशी केली." माझीही केली का असं मी विचारावं म्हणून तो वाट बघायचा. मी म्हणायची, "तुझी तंबाखू आधी सोड." आणि पुढं निघायची. मागून त्याचं हसू ऐकू यायचं.

त्या वर्षी थंडी लवकर सरली. संक्रांतीनंतर रानाचा रंग रोज थोडा उतरत गेला. आधी गवत पांढरं पडलं, मग सुबाभळीच्या शेंगा वाळून खुळखुळायला लागल्या, सीताफळी उघड्या झाल्या. पाझर तलाव आटून मध्ये चिखलाचं एक वाटोळं उरलं आणि त्याभोवती टिटव्या ओरडत फिरायच्या. एरवी मला ही उजाडी आवडते. झाडांचा सांगाडा दिसतो, लांबवर नजर जाते. पण त्या वर्षी नजर लांब जायला लागली आणि पंचाईत झाली. आडोसाच उरला नाही. चढाच्या वळणावरून वर बघितलं की मनोऱ्याखाली पांढरं धोतर दिसायचं. आधी लांब दिसलं. मग थोडं जवळ.

मला वाटलं मीच जोरात चालतेय. घड्याळ बघितलं. माझा वेग तोच होता. ठसे बघितले तर दोन पावलांतलं अंतर कमी झालेलं, उजवा पाय किंचित घासलेला, काठीची खूण पूर्वी दर चौथ्या पावलाला असायची ती आता प्रत्येक पावलाला. पाव तासाचं अंतर दहा मिनिटांवर आलं, मग सात. गणित सोपं होतं. पुढच्याचा वेग कमी झाला तर मागचा त्याला गाठणार.

मी हळू चालायला लागले.

हे लिहिताना हात थांबतो, पण लिहिते. मी माझ्या भावाला गाठू नये म्हणून माझा वेग कमी केला. पळसाखाली उगाच उभी राहून फुलं बघितली. चपलेतला नसलेला खडा काढला. तलावाच्या बांधावर बसून टिटव्या मोजल्या. घरून पावणेसातला निघायला लागले, मग सातला, तरी तो पुढं दिसायचाच, कारण तोही आता उशिरा निघत होता आणि त्याचा फेरा संपतच नव्हता. माघ संपता संपता त्याला पावणेदोन तास लागत होते आणि मलाही तेवढेच. आजारी माणसाच्या पावलाला पाऊल लावून, हाकेच्या अंतरावर, मी रोज एक सबंध फेरा त्याच्या मागून घालत होते. कुणी वरून बघितलं असतं तर म्हणालं असतं, बघा, बहीण कशी भावाला सांभाळून चाललीय.

किसननं एकदा स्पष्टच विचारलं, "बाई, अण्णाला काय झालंय?"

"मला काय माहीत?" मी म्हणाले.

"मग हळू कशापायी चालताय?"

"गुडघे दुखतात."

त्यानं माझ्या गुडघ्यांकडं बघितलं आणि निघून गेला. त्या दिवशी तो हसला नाही.

मग जाळरेषांचे दिवस आले. जाळरेषा म्हणजे उन्हाळ्यात वणवा लागला तर तो पसरू नये म्हणून आधीच जाळून ठेवलेला पट्टा. रानात ठरावीक अंतरावर पाचसहा हात रुंदीचं गवत कापतात, वारा पडलेला बघून पेटवतात, आणि दोन्ही बाजूंना माणसं ओल्या डहाळ्या घेऊन उभी राहतात. पट्टा काळा झाला की मोठी आग तिथं येऊन विझते. किसन या कामात वाकबगार. आग त्याच्या पायाशी मांजरासारखी चालायची.

त्या सकाळी मी बांध ओलांडला तर पुढची वाट धुरानं भरलेली. किसन आणि त्याचे तीन गडी पट्टा जाळत होते आणि वारा अचानक फिरला होता. "हितंच थांबा बाई, म्होरं येऊ नका," तो ओरडला. मी पदर नाकाला लावून उभी राहिले. धूर अंगावर यायला लागला. डोळ्यांतून पाणी, छातीत ठसका. मला धूर लहानपणापासून सोसत नाही. चुलीपाशी बसले की खोकून खोकून लाल व्हायची, आणि अण्णा मला बखोटीला धरून अंगणात नेऊन सोडायचा.

धुराच्या पलीकडं, वीस पावलांवर, काठी दगडावर आपटल्याचा आवाज आला. मग त्याचा आवाज आला. बारीक झाला होता, पण त्याचाच.

"कोण हाय रं तिकडं? शाली हाय का?"

बारा वर्षांत माझं नाव मी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. शालिनी म्हणून दाखल्यावर, बाई म्हणून गावात. शाली म्हणणारी दोनच माणसं, एक गेलेलं आणि एक त्या धुरात उभं. मी तोंडावर पदर घट्ट दाबला, खोकला आत कोंडला, आणि किसनकडं बघून मान हलवली. नाही म्हणून सांग.

किसन माझ्याकडं बघत राहिला. मग धुराकडं तोंड करून म्हणाला, "न्हाय अण्णा. कोण न्हाय. आमीच हाय."

मग, "बरं, बरं." आणि काठी टेकत टेकत तो आवाज पुढं गेला.

वारा पडल्यावर किसननं डहाळी खाली टाकली. "खोटं बोलाय लावलं बाई तुमी मला," तो म्हणाला. "आन् ते बी देवाच्या म्होरं." मी खोकत होते. माझा खोकला अण्णानं ओळखला नसेल, एवढ्या धुरात कुणाचा कुणाचा खोकला कोण ओळखतो, असं मी त्या दिवसापासून स्वतःला समजावत आलेय. ज्यानं मला बखोटीला धरून अंगणात नेलं, त्याला तो ओळखता येणार नाही, यावर माझा स्वतःचाच विश्वास बसत नाही.

त्यानंतर तो चार दिवस आला. पाचव्या दिवशी वाटेवर नवे ठसे नव्हते. आदल्या दिवशीच्या ठशांवर पळसाची फुलं पडली होती. मी माझ्या जुन्या वेगानं फेरा पुरा केला, सव्वा तासात, आणि घरी येऊन कॉटवर पडून राहिले. किसननं सांगितलं, सोलापूरला नेलंय. मग दोन आठवड्यांनी सांगितलं, परत आणलंय, डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. घरी न्या म्हणजे काय ते मलाही कळत होतं. एका संध्याकाळी मी त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. ओट्यावर कुणी तरी बसलं होतं. त्या माणसानं मला बघितलं असं वाटलं आणि मी जणू मेडिकलमध्येच आले होते अशी वळून औषधाच्या दुकानात शिरले. नको असलेली मलमाची ट्यूब घेऊन परत आले. काय बोलायचं तेच सुचत नव्हतं. थांबला नाहीस, याच्या पुढचं वाक्य मी कधी तयारच केलं नव्हतं.

पाडवा होऊन आठ दिवस झाले होते. सकाळी आठला सुधीर दारात उभा राहिला. सुधीर म्हणजे अण्णाचा मुलगा. चाळिशीचा माणूस, पण चेहरा लहान मुलासारखा सुजलेला.

"आत्या, अण्णा पहाटे गेले."

मी दाराची चौकट धरली.

"त्यांनी सांगून ठेवलंय, आत्या आल्याशिवाय हलवायचं नाही. तुम्ही तुमचं आवरून या. आम्ही थांबतो."

एवढं बोलून तो गेला. त्याचं घर माझ्या घरापासून चार गल्ल्यांवर. चालत सात मिनिटं. मी आवरायला घेतलं. साडी बदलली. ओट्यावरची भांडी घासली. घासलेली भांडी पुन्हा घासली. खुर्चीत बसले आणि मला उठता येईना. पायात बळ नव्हतं असं म्हणणं सोपं आहे. बळ होतं. आम्ही थांबतो, हे शब्द कानात होते, आणि मनाच्या तळाशी बारा वर्षांपूर्वीचं काहीतरी अजून जिवंत होतं, ते म्हणत होतं, थांबू देत की. कळू देत. मी स्वतःचीच लाज वाटून घेत बसून राहिले. नऊ वाजले. दहा वाजले. ऊन गच्चीवरून खाली उतरलं. सुधीर दुसऱ्यांदा आला नाही, त्यानं कुणाला पाठवलंही नाही. अकरा. बारा. कुणी घाई केली असती तर मी भांडले असते आणि भांडता भांडता उठले असते. पण कुणीच येईना. साडेबाराला मी चपला घातल्या.

गल्लीत माणसं भिंतीच्या बारीक सावलीला ओळीनं उभी होती. डोक्यावर रुमाल, सकाळपासून पोटात पाणी नाही. मला बघून त्यांनी वाट दिली. आत बर्फाच्या लाद्या वितळून पाणी दारापर्यंत आलं होतं आणि दोन बायका ते फडक्यानं टिपत होत्या. पंख्याचा आवाज, उदबत्त्यांचा धूर, आणि त्या सगळ्याखालून येणारा तो वास, जो उदबत्तीनं झाकत नाही. आमचे चुलते खुर्चीवर बसून सुधीरला काहीतरी बोलत होते, आवाज दाबून पण दात खाऊन. सुधीर भिंतीला टेकून उभा होता. "न्हाय," तो म्हणत होता. "आत्या येऊ द्या. तोवर न्हाय." किती वेळा म्हणाला असेल कोण जाणे, त्याचा आवाज बसला होता. तो तसा उभा असलेला बघितला आणि मला कळलं की असं उभं राहणं काय असतं, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघतेय.

वहिनीनं हात धरून मला जवळ बसवलं. "आलासा वन्सं."

"उशीर झाला," मी म्हणाले.

"त्या दिवशी बी असंच झालतं," ती हळू आवाजात बोलायला लागली, जणू हे सांगायला तिला आजच परवानगी मिळाली होती. "सासूबाई गेल्या तवा. तीन वाजेपातुर ह्यांनी कुणाला हात लावू दिला न्हाय. ऊन तर असलं. दोनदा बर्फ आणला. सारखं स्टँडवर माणूस पाठवायचे, सोलापूरची गाडी आली का बघ म्हणून. शेवटी चुलत्यांनी आन् भावकीनं बखोटीला धरून उठवलं त्यास्नी. रडत व्हते."

"मला सांगितलं नाहीत कधी."

"सांगू कुठं दिलं? म्हणायचे, तिनं विचारलं तर सांगीन."

बारा वर्षांत मी त्याला काहीच विचारलं नव्हतं. किती वाजेपर्यंत थांबलास, एवढा एक प्रश्न. शाळेत पोरांच्या उत्तराआधी मी रीत विचारायची, उत्तर कसं आलं ते दाखव म्हणायची. घरात मात्र उत्तर बघितलं आणि फुली मारून मोकळी झाले.

मी पुढं सरकले. त्याच्या तोंडावरचं पांढरं फडकं बाजूला केलं. दाढी वाढलेली, गाल आत गेलेले, पण कपाळ आईचं होतं. अगदी आईचं. मी दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरलं. बर्फासारखं गार होतं. मागं माणसं हलायला लागली, कुणीतरी बाहेर इशारा केला, बाहेर तिरडीचे बांबू उचलल्याचा आवाज आला. चुलते उठून उभे राहिले. सुधीर माझ्या शेजारी येऊन वाकला.

"आत्या," तो म्हणाला, "उचलायचं का?"

सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. दुपारचा एक वाजून गेला होता.

"अजून थोडं थांबा रे," मी म्हणाले.